विंडोजची सीडी होती, तरी चार महिने वाया गेले



मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, पेनड्राइव्हवर विंडोज टाकून ठेवलंय. म्हणजे बॅकअप झाला ना?" मी लगेच 'नाही' म्हटलं. पण का नाही, हे चहा संपेपर्यंत नीट सांगता आलं नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. पीएचडीला प्रवेश घेणार असाल किंवा नुकताच घेतला असेल, तर हे आधीच वाचून ठेवा. मला हे उशिरा कळलं आणि त्याची किंमत मोजावी लागली.

तर झालं असं. मी संशोधनाला लागले तेव्हा आमच्याकडे एक स्पेक्ट्रोफोटोमीटर होता. द्रावणातून प्रकाश सोडायचा आणि कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश शोषला गेला ते मोजायचं, एवढं त्याचं काम. मशीन चांगलं होतं, पण ते एका जुन्या कॉम्प्युटरला जोडलेलं होतं आणि त्यावर विंडोज ७ होती. मी नवी आणि उत्साही. हौसेने विंडोजची डीव्हीडी तयार केली, वर मार्करने 'बॅकअप' असं लिहिलं आणि कपाटात ठेवली. सगळ्यांनी कौतुकही केलं.

जूनमध्ये वळवाच्या पावसात एका संध्याकाळी लाइट दोन-तीनदा आली-गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चालू केला तर आतून नुसती टिक-टिक. हार्डडिस्क गेली. मी निवांत होते. नवी डिस्क बसवली, डीव्हीडी घातली आणि तासाभरात विंडोज छान सुरू झाली.

आणि मशीन काही सापडेना.

मशीनचं सॉफ्टवेअर वेगळ्या सीडीवर होतं आणि ती सीडी कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. ड्रायव्हर नाही, लायसन्स नंबर नाही, आधीच्या सीनिअरने बसवलेल्या सेटिंग्ज नाहीत. जुने स्पेक्ट्रा तर गेलेच. सगळं पुन्हा जुळून यायला चार महिने लागले. तेवढे दिवस मी माळशिरसहून पहाटेची एसटी पकडून दुसऱ्या गावी रीडिंग घ्यायला जात होते. माझे काही नमुने प्रकाशात टिकत नाहीत. प्रवासात त्यांचा रंग उतरला आणि दोन बॅच पहिल्यापासून कराव्या लागल्या.

गंमत बघा, माझी डीव्हीडी उत्तम चालली होती. तिने तिचं काम चोख केलं. चूक माझी होती: ती कशाची प्रत आहे हेच मला कळलं नव्हतं.

तीन वेगळ्या गोष्टी

आपण 'बॅकअप' या एकाच शब्दात तीन गोष्टी कोंबतो.

पहिली, इन्स्टॉलर. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टम नव्याने बसवायची डिस्क किंवा पेनड्राइव्ह. यातून कोरी सिस्टम मिळते. दुकानदार 'फॉरमॅट मारून देतो' म्हणतो तेव्हा तो हेच वापरतो. तुम्ही केलेलं काहीही यात नसतं.

दुसरी, सिस्टम इमेज. म्हणजे डिस्कवर आत्ता जे जसं आहे त्याची हुबेहूब प्रत: ऑपरेटिंग सिस्टम, ड्रायव्हर, सॉफ्टवेअर, सेटिंग्ज, सगळं. ती परत टाकली की कॉम्प्युटर त्या दिवशी होता तसा उभा राहतो.

तिसरी, डेटा. तुमची रीडिंग, कोड, थीसिसची प्रकरणं. हा रोज बदलतो, म्हणून त्याची प्रतही रोज व्हायला हवी.

घराचं उदाहरण घ्या. इन्स्टॉलर म्हणजे विटा-सिमेंट आणि नकाशा. इमेज म्हणजे भांड्याकुंड्यांसकट उभं घर. डेटा म्हणजे कपाटातली कागदपत्रं. घर पडलं तर नुसत्या विटा घेऊन कुठे राहणार? मी विटा जपल्या आणि घर जपलं असं समजत राहिले.

बूट होतं म्हणजे काय होतं?

बटण दाबल्यावर कॉम्प्युटरला विंडोज, लिनक्स काहीच माहीत नसतं. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम असतो, फर्मवेअर. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणायचे, नव्यांत यूईएफआय असतो. तो एकेका डिस्ककडे जाऊन विचारतो, "तुझ्याकडे सुरुवात करायला काही आहे का?"

बायोस डिस्कचा अगदी पहिला तुकडा वाचतो. तो फक्त ५१२ बाइटचा असतो. त्याच्या शेवटच्या दोन बाइटमध्ये ठरलेली खूण सापडली, तर तो तिथला कोड चालवतो. यूईएफआय मात्र एका ठरावीक विभागात ठरावीक नावाची फाइल शोधतो. सीडीवरून बूट करायचा नियम फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी १९९५ मध्ये ठरवला. त्याचं नाव 'एल टोरिटो', आणि हे नाव एका मेक्सिकन हॉटेलवरून पडलं असं सांगतात.

हे कशासाठी सांगते आहे? कारण आपण डाउनलोड केलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नेहमीसारखी कॉपी-पेस्ट करतो आणि 'बूट होत नाही' म्हणून डोकं धरून बसतो. आयएसओ म्हणजे अख्ख्या डिस्कचा एका फाइलमध्ये बांधलेला साचा. तो उलगडून, सुरुवातीचा कोड जागच्या जागी बसवून लिहावा लागतो. त्यासाठी वेगळं साधन लागतं.

इन्स्टॉलर तयार करताना

आता डीव्हीडीच्या मागे लागू नका. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात आणि उबुंटू २४.०४ ची आयएसओच त्याहून मोठी आहे. नव्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्हही नसतो. शिवाय घरी लिहिलेल्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णतेने खराब होतो. सोलापूर जिल्ह्यातला एप्रिल-मे आठवा आणि पत्र्याच्या खोलीतलं कपाट आठवा. पेनड्राइव्ह घ्या, विंडोजसाठी किमान ८ जीबीचा. लिहिताना तो पूर्ण पुसला जातो, म्हणून आत काही असेल तर आधी काढून घ्या.

आयएसओ मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल आहे, ते पेनड्राइव्हही स्वतःच बनवून देतं. ओळखीच्या दुकानातून आणलेली 'सगळं ॲक्टिव्हेट असलेली' प्रत वापरू नका. तिच्यात आणखी काय घातलंय हे तुम्हाला कधीच कळणार नाही आणि त्याच मशीनवर तुमचा शोधनिबंध असणार आहे.

गावाकडे मोबाइल डेटावर पाच-सहा जीबी उतरवताना मध्येच नेट जातं, फाइल अर्धवट राहते आणि तरी पूर्ण दिसते. म्हणून चेकसम तपासा. संकेतस्थळावर एसएचए-२५६ नावाची ६४ अक्षरांची ओळ दिलेली असते. तुमच्या फाइलवरून तीच ओळ काढायची: विंडोजमध्ये सर्टयुटिल ही कमांड, लिनक्समध्ये एसएचए२५६सम. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ओळ पार बदलते. दोन्ही ओळी जुळल्या तरच पुढे जा.

लिहिण्यासाठी रुफस सोपं आहे. ते विचारतं, जीपीटी की एमबीआर? नवीन यूईएफआय मशीनसाठी जीपीटी, जुन्या बायोससाठी एमबीआर. इथे चुकलं की पेनड्राइव्ह एका मशीनवर चालतो आणि दुसऱ्यावर नाही. व्हेंटॉय हे आणखी सोयीचं: पेनड्राइव्ह एकदा तयार केला की त्यावर कितीही आयएसओ नुसत्या कॉपी करा, बूट करताना यादीतून निवडा. माझ्या एकाच पेनड्राइव्हवर विंडोज, लिनक्स आणि क्लोनझिला असे तिन्ही आहेत.

बूट करताना कंपनीनुसार एफ १२, एफ ९ किंवा एस्केप दाबून बूट मेनू उघडतो. तुमच्या मशीनची कळ कोणती, ते पेनड्राइव्हला चिठ्ठी लावून लिहून ठेवा. अडचणीच्या वेळी ते आठवत नाही.

इमेज घेताना

आता खरा बॅकअप. मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते माहीत आहे? त्या विंडोज ७ मध्ये सिस्टम इमेज घ्यायची सोय कंट्रोल पॅनलमध्येच होती. मी ते पान कधी उघडलंच नाही.

मी आता क्लोनझिला वापरते. तैवानमधल्या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, पैसे लागत नाहीत. ते पेनड्राइव्हवरून स्वतःच बूट होतं, हार्डडिस्कवरच्या कशाचाही आधार घेत नाही. आमच्या माळशिरसला ज्ञानोबांच्या पालखीचा मुक्काम असतो, म्हणून मला लगेच दिंडीचा ट्रक आठवतो. तंबू, शेगडी, पाण्याची टाकी सगळं ट्रकमध्येच. मुक्कामाला मोकळं रान मिळालं तरी स्वयंपाक होतो. बूट होणारा पेनड्राइव्ह असाच असतो. डिस्क बंद पडलेली असली तरी त्याचं काम अडत नाही.

क्रम असा ठेवा:

१. विंडोज पूर्ण बंद करा. नेहमीच्या 'शट डाउन'मध्ये फास्ट स्टार्टअपमुळे ती अर्धवट झोपलेली असते. शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा.

२. बाहेरची हार्डडिस्क जोडा आणि क्लोनझिलावरून बूट करा. डिस्कची इमेज फाइल करायची असा पर्याय निवडा, मग 'सेव्हडिस्क'.

३. इथे श्वास घ्या. पडद्यावर डिस्कची नावं एसडीए, एसडीबी अशी येतात. कुठली आतली आणि कुठली बाहेरची, हे जीबीचा आकडा बघून ठरवा आणि कागदावर लिहा. 'सेव्हडिस्क'च्या जागी 'रिस्टोअरडिस्क' निवडलं गेलं तर चालू सिस्टमवर जुनी इमेज बसते आणि मधलं सगळं जातं.

४. इमेज झाल्यावर ती तपासायची का, असं ते विचारतं. हो म्हणा. वेळ लागतो, लागू द्या.

क्लोनझिला रिकामी जागा सोडून देतं आणि बाकीचं कॉम्प्रेस करून ठेवतं, त्यामुळे इमेज डिस्कपेक्षा बरीच लहान होते. पण परत टाकताना नवी डिस्क मूळ डिस्कइतकी किंवा तिच्यापेक्षा मोठी लागते, हे लक्षात ठेवा.

आणखी दोन खाचखळगे. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. ती नसेल तर तुमचाच डेटा तुम्हाला उघडता येणार नाही. दुसरं म्हणजे इमेज त्याच मशीनसाठी असते. मदरबोर्ड बदलला तर ड्रायव्हर जुळतीलच असं नाही, आणि काही सॉफ्टवेअरचं लायसन्स डिस्कशी किंवा मदरबोर्डशी बांधलेलं असतं. म्हणून इमेजसोबत इन्स्टॉलर, ड्रायव्हर आणि लायसन्स नंबरही जपायचे.

पण संशोधकाला ऑपरेटिंग सिस्टमचं एवढं काय?

"माझा डेटा आणि कोड ड्राइव्हवर आहे, विंडोज काय कधीही टाकता येते." बरोबर वाटतं ना? मलाही वाटायचं.

२०१९ मध्ये हवाई विद्यापीठातले संशोधक सायनोबॅक्टेरियातल्या एका संयुगावर काम करत होते. एनएमआरची गणितं करणारी पायथन स्क्रिप्ट त्यांनी वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर चालवली. स्क्रिप्ट तीच, डेटा तोच, उत्तरं मात्र वेगवेगळी. कारण शोधलं तर ते अगदी साधं निघालं. स्क्रिप्ट फोल्डरमधल्या फाइल्सची यादी मागायची आणि ती ठरावीक क्रमाने येईल असं गृहीत धरायची. काही ऑपरेटिंग सिस्टम तसा क्रम देतात, काही देत नाहीत. क्रम बदलला की फाइल्सच्या जोड्या चुकायच्या. ती स्क्रिप्ट दीडशेहून जास्त शोधनिबंधांशी जोडलेली असू शकते, असा तेव्हाचा अंदाज होता.

त्याआधी २०१२ मध्ये मेंदूच्या एमआरआय प्रतिमा मोजणाऱ्या एका सॉफ्टवेअरचा असाच अभ्यास प्लॉस वन या नियतकालिकात आला होता. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की मोजमापं बदलत होतीच, पण मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टमची आवृत्ती बदलल्यावरही फरक पडत होता.

आता विचार करा. तुमच्या शोधनिबंधावर परीक्षकाचा शेरा येतो, आकृती ४ पुन्हा काढून दाखवा. दरम्यान लॅपटॉप बिघडलाय, नवी विंडोज टाकलीय, पायथन नवं आहे. उत्तर तिसऱ्या दशांश स्थानी वेगळं येतं. आधीचं चूक होतं की आत्ताचं? ज्या दिवशी अंतिम विश्लेषण केलं त्या दिवसाची इमेज असेल, तर हे तपासता येतं. नसेल तर फक्त खुलासे देत बसावं लागतं.

म्हणजे आपल्यासाठी ऑपरेटिंग सिस्टमसुद्धा प्रयोगाच्या साहित्यात मोडते. रसायनाच्या बाटलीवरचा बॅच नंबर आपण वहीत लिहितो ना? मग सिस्टमची आवृत्तीही लिहा.

लाइट गेली म्हणून वाचलेली प्रत

आता एक मोठं उदाहरण. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला. आपल्या न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही त्याने ठप्प केलं. ते टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहातलं. आपल्याकडची द्राक्षं, डाळिंबं परदेशी जातात तेच हे बंदर.

मर्स्कच्या अध्यक्षांनी नंतर सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने बसवावे लागले. म्हणजे इन्स्टॉलर त्यांच्याकडे होते. अडलं वेगळ्याच ठिकाणी. कुणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे त्यांचे सुमारे १५० सर्व्हर होते. सगळे एकमेकांची प्रत ठेवायचे, म्हणून त्यांचा वेगळा बॅकअप नव्हता. व्हायरसने सगळे एकदमच पुसले.

एक सोडून. घानामधल्या ऑफिसात त्या वेळी लाइट गेली होती, त्यामुळे तिथला सर्व्हर नेटवर्कपासून तुटला आणि वाचला. तिथलं इंटरनेट इतकं मंद होतं की प्रत पाठवता येईना. शेवटी हार्डडिस्क माणसाच्या हाती नायजेरियामार्गे इंग्लंडला नेली. 'वायर्ड' मासिकात २०१८ मध्ये ही हकिगत सविस्तर आली आहे.

माझी डिस्क लाइट गेल्यामुळे मेली आणि त्यांचा सर्व्हर लाइट गेल्यामुळे वाचला! पण धडा सरळ आहे: सतत जोडलेली प्रत मूळ प्रतीबरोबरच मरते. गूगल ड्राइव्हच्या सिंकचंही तेच. इथे फाइल बिघडली की तिथलीही बिघडते. इमेज घेऊन झाली की हार्डडिस्कची वायर काढा आणि ती दुसऱ्या खोलीत, शक्य तर दुसऱ्या घरात ठेवा. माझी एक प्रत होस्टेलला असते आणि एक माळशिरसला, आईच्या कपाटात. आईला ती डिस्क म्हणजे काय हे माहीत नाही, पण तिला हात लावायचा नाही हे पक्कं माहीत आहे.

शेवटचं: करून बघा

परत टाकून न पाहिलेला बॅकअप हा फक्त अंदाज असतो. एखादी जुनी किंवा मोकळी डिस्क मिळवा, तुमची मूळ डिस्क काढून ती बसवा आणि इमेज तिच्यावर टाकून बघा. मशीन सुरू झालं, सॉफ्टवेअर उघडलं, एक जुनी फाइल चालवून तेच उत्तर आलं, म्हणजे झालं. मोकळी डिस्क नसेल तर निदान पेनड्राइव्हवरून बूट होतं का आणि बाहेरच्या डिस्कवरची इमेज त्याला दिसते का, एवढं तरी बघा.

वेळापत्रक अगदी साधं आहे. डेटा रोज. इमेज तीन वेळा: मशीन नीट बसवून झाल्यावर, मोठं अपडेट करण्याआधी आणि शोधनिबंध पाठवण्याच्या दिवशी. इमेजच्या फोल्डरला तारीख आणि कारण असं नाव द्या. 'नवीन फायनल २' असं नाव दिलंत तर सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही.

प्रयोगशाळेत एखाद्या उपकरणाला जोडलेला जुना कॉम्प्युटर असेल तर त्याच्यापासून सुरुवात करा. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. असे कॉम्प्युटर इंटरनेटपासून दूर ठेवा. नवीन मशीन आणून काम भागत नाही, कारण विंडोज ७ च्या मूळ डिस्कमध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हरच नाहीत. नव्या मशीनवर ती बसवताना कीबोर्ड-माउससुद्धा चालत नाहीत. त्यामुळे ते जुनं मशीन चालू आहे तोवरच त्याची इमेज घ्या. गाइडना विचारून घ्या, सॉफ्टवेअरची सीडी शोधा, लायसन्स नंबरचा फोटो काढा.

तो स्पेक्ट्रोफोटोमीटर आता चालू आहे. शेजारच्या कपाटात माझी ती डीव्हीडी अजून आहे. वरचा 'बॅकअप' शब्द मी खोडला आणि तिथे 'फक्त विंडोज' असं लिहिलं. तिच्या बाजूला एक हार्डडिस्क आहे, तारीख लिहिलेली, परत टाकून तपासलेली.

तुमच्या लॅबमधल्या कपाटातल्या डिस्कवर काय लिहिलंय ते उद्या बघा. आणि आत खरंच काय आहे तेही.